माझ्या पोटातली अनाथ कुपी

मी एक जुना फ्रीज आहे, मित्रांनो. पण माझ्यात दुधाचं पातेलं शोधू नका. मी प्रयोगशाळेतला. खाण्यातून बाधा होऊन माणसं आजारी पडली, की त्यांच्या रक्तात सापडलेला जंतू इवल्याशा कुपीत घालून माझ्याकडे आणतात. माझ्या थंडीत तो मरत नाही, नुसता झोपतो. त्या झोपलेल्यांना सांभाळायचं, हा माझा जन्मभराचा धंदा. सगळे मला थंडोबा म्हणतात.

कारखान्यात एका कामगाराने माझं दार पुन्हापुन्हा उघडून लावून पाहिलं आणि "बसलं बरं" म्हणाला. माझ्या बालपणातलं कौतुक ते एवढंच. पुढे जंतूंच्या घरी कोण पाहुणा येणार? येणारा जाड हातमोजे घालून यायचा, कुपी ठेवायचा आणि घाईने दार लावायचा. दार जरा उघडं राहिलं की मी ठणाणा करायचो. खरं सांगू? कुणीतरी परत यावं, म्हणूनही करायचो.

प्रयोगशाळेतल्या ताई मात्र जाता जाता माझ्याशी बोलायच्या. त्यांचं काम जंतूंचं कूळ काढण्याचं. दोन आजाऱ्यांच्या जंतूंचं कूळ एक निघालं, तर दोघांनी एकाच ठिकाणचं काही खाल्लेलं असणार. मग त्या कुप्या भाऊबंद. जिचं कुणाशीच जुळत नाही, ती अनाथ.

अशी एक अनाथ कुपी एका म्हातारीची होती. म्हातारी तापाने फणफणून दवाखान्यातच वारली. तिची लेक शिवणकाम करायची. ताईंनी तिला माझ्याशेजारच्या खुर्चीत बसवून खोदून खोदून विचारलं, "आईंनी काय काय खाल्लं होतं?"

लेकीने भात सांगितला, सूप सांगितलं. मग मान खाली घालून म्हणाली, "सूप आदल्या दिवशीचं होतं. शिळं. मीच दिलं."

"सूप उकळलं होतं ना?"

"उकळलं होतं. पण शिळंच ना ते."

ताईंनी परोपरीने समजावलं, पण खरं कारण हातात नव्हतं, तर नुसत्या शब्दांनी काय होणार? ती तशीच गेली. पुढे कळलं, तिने घरी स्वयंपाक करणंच सोडलं. "माझ्या हातचं कुणी खाऊ नये," म्हणायची.

कुपी राहिली माझ्याकडे, कोपऱ्यात. एकदा साहेबांनी सफाई काढली. "या अनाथांना किती पोसायचं?"

"राहू द्या साहेब," ताई म्हणाल्या, "हिची माणसं कुठेतरी असतील."

वर्षं गेली. माझं रबर सैल झालं, अंगाला गंज धरला. आणि एक दिवस सीमेपलीकडच्या देशातून फोन आला. तिकडच्या वृद्धाश्रमात म्हातारी माणसं आजारी पडत होती. त्यांच्या जंतूचं कूळ तिकडच्या प्रयोगशाळेने पाठवलं. ताईंनी ताडून पाहिलं आणि धावत माझ्याकडे आल्या. अनाथ कुपीला भाऊबंद मिळाले होते.

तिकडे परिचारिका गोळी कुटून फळांच्या गरात कालवून भरवत. गर पाकिटातला, गोठवलेला, तिसऱ्याच देशातल्या कारखान्यातला. त्यातच हा जंतू निघाला होता. ताईंनी लेकीला बोलावलं. या वेळी प्रश्न बदलला होता.

"आईंना गोळी कशाबरोबर द्यायचात?"

"फळांच्या गराबरोबर. पाकीट मिळतं ना, त्यातला चमचाभर." ती थबकली. "पण ते खाणं कुठे? ते औषध."

विचारणारीने खाणं विचारलं आणि सांगणारीने खाणं सांगितलं. औषधाचा चमचा मधल्या मध्ये निसटला होता.

"म्हणजे तेही मीच भरवलं," ती पुटपुटली.

"तुमच्यासारखं कितीतरी जणांनी भरवलं. घाण कारखान्यात होती," ताई म्हणाल्या. "कारखाना म्हणत होता, आत्ताच एकदा चूक झाली. तुमच्या आईच्या कुपीने त्यांना खोटं पाडलं. जंतू तिथे तेव्हापासून ठाण मांडून होता. आता दोन्ही देशांतल्या दुकानांतून ती पाकिटं उचलली."

लेक खूप रडली. मग उठून तिने माझ्या दारावर हात ठेवला. हातमोजा नव्हता. माझ्यापाशी काही ठेवायला नाही, काही न्यायला नाही, असं कुणी पहिल्यांदाच आलं होतं.

"इतकी वर्षं इथे एकटीच होती?"

"एकटी कशी? थंडोबा होता की."

मित्रांनो, आता कुप्या नव्या फ्रीजमध्ये गेल्या. मी बोळात उभा आहे, वीज काढलेली, दार सुतळीने उघडं बांधलेलं. ठणाणाही करता येत नाही. तुम्हाला एवढंच सांगणं, की कुणी आजाऱ्याची चौकशी करायला आलं तर चमचाभर दिलेलंही सांगा. आणि ज्याचं कुणी नाही, ते टाकायची घाई करू नका.

काल लेक ताईंसाठी डबा घेऊन आली होती. घरी केलेलं सूप होतं. बोळातून जाताना तिने तो घटकाभर माझ्यावर ठेवला. गरम होता.