प्रकार: इतर

थोरल्या लेकीला जुळ्या मुली झाल्या, त्याच वर्षी माझ्या बायकोची वाचा गेली. पक्षाघाताचा झटका आला आणि उजव्या अंगाबरोबर जीभही लुळी पडली. त्याआधी हिचा आवाज चौथ्या घरापर्यंत जायचा.

म्हणून जावयाने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवून "बाबा, बघा, पैशापर्यंत जुळलंय" म्हटलं, तेव्हा मी रकमा पाहिल्याच नाहीत. मी तिचे शब्द शोधत होतो.

ही शाळेच्या कचेरीत कारकून होती. निवृत्त झाल्यावर घरखर्च संगणकावर मांडू लागली. अकरा वर्षांत सहा हजारांवर नोंदी झाल्या. तो हिशेबाचा प्रोग्रॅम काढणारी कंपनी आता बंद पडली होती, आणि महिनाअखेरीनंतर तो उघडणार नाही असं पत्र आलं होतं. जावयाने सगळं नव्या प्रोग्रॅममध्ये हलवलं. तारखा आल्या, रकमा आल्या. प्रकार या रकान्यात मात्र वरपासून खालपर्यंत एकच शब्द: इतर.

जावई म्हणाला, "आईंनी तिथे किराणा, औषधं असं लिहायचं होतं. त्यांनी अख्खी वाक्यं लिहिलीत. नव्याला त्याच्या यादीबाहेरचं काही कळत नाही, तो सगळं इतरमध्ये टाकतो. पण बेरजेला धक्का नाही."

"बेरीज घेऊन मी काय करू?"

तो भला माणूस. दोन सुट्ट्या खर्चून त्याने खटपट केली. पण जुना प्रोग्रॅम छापून द्यायचा ती फक्त महिन्याची बेरीज. पूर्ण वाक्य दिसायला एकेक नोंद उघडावी लागे. महिना संपायला बारा दिवस उरले होते.

मी पंप दुरुस्त करणारा माणूस. अक्षरं शिकलो सत्तावन्नाव्या वर्षी, हिच्याकडूनच. ती आजारी पडल्यापासून रोज सकाळी उशाशी बसून मी तिला तिच्याच अलीकडच्या नोंदी वाचून दाखवायचो. 'छत्री, यंदाची तिसरी. हरवणाऱ्याचं नाव लिहीत नाही.' 'यांच्या चपला. जुन्या फेकल्या, तर जाऊन उचलून आणल्या.' ऐकताना तिचा डावा गाल हसायचा. घरात तिचं बोलणं आता तेवढंच उरलं होतं.

जाड वही आणली आणि शेवटच्या नोंदीपासून मागे मागे उतरवायला बसलो. बोटं पान्याला सरावलेली, दिवसाकाठी चाळीस ओळी व्हायच्या. वाचून दाखवत बसलो की लिहिणं मागे पडे. चौथ्या दिवशी वाचणं बंद केलं. मग दुधाच्या नोंदी गाळू लागलो, मग भाजीच्या. गाळताना तिच्या तोंडावर हात ठेवल्यासारखं वाटे.

तिच्या छातीत पाणी झालं होतं. डॉक्टरांनी करण्यासारखं काही उरलं नाही असं सांगितलं होतं. थोरली औषध पाजायला आली, बराच वेळ दारात उभी राहिली.

"बाबा, जवळ बसा ना तिच्या. दिवसभर तुमच्या पाठीकडे बघत पडलेली असते."

"तिचंच तर करतोय."

"तिचं नाही, तुमचं करताय."

मला राग आला. खुर्ची आणखी पुढे ओढून मी लिहीत राहिलो.

आठव्या दिवशी कळून चुकलं की हे संपणारं नाही. मग मधली वर्षं सोडून एकदम पहिल्या वर्षावर गेलो. नवव्या दिवशी सकाळी एक नोंद उघडली. 'वही, दोन पेन्सिली, खोडरबर. यांच्यासाठी. दुकानदाराने विचारलं, मी नातवासाठी म्हणाले. यांना हसला असता.'

तेव्हा थोरलीचं लग्नही व्हायचं होतं. अकरा वर्षं ही गोष्ट तिने मला सांगितली नव्हती. मी ती ओळ वहीत नीट उतरवली, पूर्णविराम दिला आणि मगच मागे वळलो.

"अगं, नातू कुठला होता तेव्हा आपल्याला?"

डावा गाल हलला नाही.

जुना प्रोग्रॅम तीस तारखेला बंद झाला. वहीत तीनशे एकोणीस ओळी आहेत. माझी बायको त्याच महिन्याच्या सत्तावीस तारखेला, बुधवारी सकाळी वारली. नक्की वेळ मला सांगता येत नाही.