तेराशे एकसष्टचा चौकोन

उमरग्यात हायवेच्या कडंला माझं ट्रक रंगवायचं शेड हाय. चाळीस वर्षं झाली. ट्रकच्या मागच्या फाळक्यावर 'पेंटर शरणबसप्पा' दिसलं की समजायचं, काम आपलं. अर्धवट रंग मला बघवत न्हाय. तीच खोड नडली.

शेजारची सबिहा शाळंत गणित शिकवते आन् चित्रं काढते. देव न्हाय, बाई न्हाय, निस्ते चौकोन. घरात सहा फुटाचं कापड मावंना, म्हणून आठ महिने माझ्याच शेडात रंगवत हुती. छत्तीस चौकोन, सगळे पट्ट्यापट्ट्यांचे. एक तेवढा कोरा. आज चित्र सोलापूरला प्रदर्शनाला जायचं हुतं. काल सांजंला ती घरी गेल्यावर मला वाटलं, पोरीचा गडबडीत ऱ्हायला. म्या ब्रश उचलला आन् शेजारच्यासारख्या तांबड्या-पिवळ्या पट्ट्या मारल्या. लई सफाईनं.

सकाळी टेम्पो दारात लागला. सबिहा आली, चित्रासमोर उभी राहिली आन् हललीच न्हाय.

"काका, इथं कुणी आलं होतं?"

तिचं तोंड बघून माझं धाडस झालं न्हाय. "न्हाय गं."

"मग मीच भरला." ती मटकन खाली बसली. "काका, हा एकेक चौकोन म्हणजे एकेक संख्या. तेराशे अठ्ठावीसपासून तेराशे त्रेसष्टपर्यंत. जिला भाग जातो तिला पट्ट्या. छत्तिसात तेराशे एकसष्ट तेवढी मूळ संख्या, कुणालाच दाद देत नाही. तिच्यासाठी तर सगळं चित्र. आणि तीच मी झोपेच्या तारेत भरून टाकली. मग बाकीच्या पस्तिसांचा तरी काय भरवसा?"

"वरनं पांढरा मारू की."

"पांढरा नव्हता काका, कोरं कापड होतं. ते आता कुठनं आणू?"

तिनं फोन काढला. "सोलापूरला सांगते, चित्र येत नाही. घरचे म्हणतात ते खरंय, हे माझं काम नव्हे."

पलीकडं रिंग वाजायला लागली. बोललो तर पोरीच्या नजरंतनं उतरणार. गप ऱ्हायलो तर पोर सोताच्याच नजरंतनं उतरणार.

"ठेव तो फोन. म्या भरला."

तिनं फोन बंद केला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हणजे मी चुकले नाही," एवढंच म्हणाली आन् डोळे पुसले. मग माझाच बारका ब्रश काळ्या रंगात बुडवून पुढं केला.

"पस्तीस माझे, हा तुमचा. ट्रकवर टाकता तसं नाव टाका."

"नको पोरी."

"टाका काका. टेम्पो थांबलाय."

म्या ब्रश घेतला. सवयीनं 'पे' काढायला गेलो, तर तिनं मनगट धरलं.

"पेंटर ट्रकवर. इथं नुसतं नाव."

म्या निस्तं नाव टाकलं.