पट्ट्यात खोचलेले हात

मिरीच्या आईला सकाळपासून घास उतरत नव्हता. स्पर्धेच्या हॉलच्या गॅलरीत, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ती अगदी कडेला टेकली होती, कुणी हाक मारली तर उठून पळता यावं अशी. मांडीवर धाकटी होती. अजून रांगायलाही न लागलेली ती पोर आईच्या बाहीचं बटण मन लावून चोखत होती. शेजारी मिरीचा मामा होता. त्याचं चष्म्यांचं दुकान होतं, आणि ते आज बंद ठेवून आपण आलो आहोत, हे त्याने आल्यापासून दोनदा ऐकवून झालं होतं.

खाली निळ्या-लाल गाद्यांच्या चौकोनांत लढती चालल्या होत्या. मुलींच्या छातीवर जाड गार्ड, डोक्यावर हेल्मेट, पायांत सेन्सरचे मोजे. लाथ जोरात बसली की गार्डच बोर्डाला कळवायचा आणि आकडा पडायचा. मामाला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. जीव टांगणीला लागलेला असताना बोलत राहिलं की बरं वाटतं, म्हणून ती त्याला समजावत बसली.

तायक्वांदो एकच, पण लढायच्या तऱ्हा दोन. जुन्या गावी ज्या मास्तरांकडे ती स्वतः शिकली आणि पुढे मिरीही शिकली, तिथे छातीवर काही नसायचं, हातांत ग्लोव्हज असायचे आणि तोंडावर ठोसा चालायचा. मात्र तो स्पर्शापुरता. समोरच्याच्या तोंडाला हात टेकावा, मार लागू नये, असं मास्तर म्हणायचे. जोरात लागलं तर मारणाऱ्याचीच खरडपट्टी. इथे सगळं उलटं. लाथ छातीवर मारा, डोक्यावर मारा. छातीवर तर जितका जोर तितकं चांगलं, हलकी लाथ गार्डला कळतच नाही. ठोसा फक्त छातीवर. तोंडावर हात गेला की दंड, म्हणजे समोरच्याला फुकटचा गुण.

"म्हणजे पायाने डोकं हलवलं तर शाबासकी आणि हाताने नाकाला शिवलं तर गुन्हा?" मामा म्हणाला. "ताई, हे ठरवलं कुणी?"

"ज्याचे हात दुखत होते त्याने," ती म्हणाली. मामा हसला. तिला हसू आलं नाही.

मिरीच्या बाबांचं काम लिफ्ट बसवण्याचं. कंपनीने त्यांना या गावी आणलं आणि त्यांच्यामागे सगळं बिऱ्हाड आलं. नव्या शाळेत मिरी कित्येक दिवस मधल्या सुट्टीत जिन्यात एकटी बसून डबा खायची. तिने हे घरी सांगितलं नव्हतं, आईला ते बाईंकडून कळलं. मग तायक्वांदोच्या या क्लासला घातलं, आणि तिथल्या तीन मुलींनी तिला आपल्यात ओढलं. डबा चौघींत फिरायला लागला. मिरी घरी येऊन वटवट करायला लागली, तेव्हा आईने सुटकेचा श्वास टाकला होता.

पण सवय काही जात नव्हती. सरावात दोघी अंगाला भिडल्या की मिरीचा हात आपोआप समोरचीच्या तोंडाकडे जायचा. एकदा त्या तिघींमधल्याच दोन वेण्यांवाल्या मुलीचं नाक फुटलं. रक्त थांबलं, दोघींची गट्टीही झाली, पण सरांनी सगळ्यांसमोर मिरीला बजावलं होतं. स्पर्धेत तोंडावर हात गेला, तर पुढच्या स्पर्धेसाठी दुसऱ्या गावी जाणाऱ्या संघात तू नाहीस. सर कमी बोलायचे, पण जे बोलायचे ते दगडावरची रेघ.

त्या रात्री मिरी जेवली नाही. त्या तिघी जाणार आणि मी नाही, एवढंच म्हणत राहिली.

मग आईनेच कंबर कसली. धाकटीला झोळीच्या खुर्चीत बसवायचं, सोफा भिंतीला सरकवायचा, स्वतः उशी छातीशी धरून उभं राहायचं. आणि मिरीचे दोन्ही हात तिच्याच पट्ट्यात खोचायचे. लढायचं ते पायांनी. हात पट्ट्यातून निघाला की पुन्हा पहिल्यापासून. धाकटी ते बघून खिदळायची. सुरुवातीला हात सारखे निघायचे, मग कमी, आणि या आठवड्यात एकदाही नाही. औषध लागू पडलं, असं आईने मिरीच्या बाबांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं.

मिरीचा नंबर पुकारला. ती निळा गार्ड घालून चौकोनात आली. एवढीशी, पण नावासारखी झणझणीत. समोर लाल गार्डवाली, ताडासारखी उंच. त्यांनी एकमेकींना वाकून नमस्कार केला, आणि रेफरीने हात खाली केला.

मिरी छान सुरू झाली. पाय हलके, नजर स्थिर. तिने छातीवर एक लाथ बसवली, बोर्डावर आकडा पडला, मामाने शिट्टी मारली. आईचं लक्ष मात्र आकड्यावर नव्हतं. मिरीचे हात खाली लोंबत होते. अगदी पट्ट्याला चिकटून, जणू अजून तिथेच खोचलेले.

उंच मुलीलाही ते दिसलं. तिने छातीचा नाद सोडला आणि पाय वर उचलला.

पहिली लाथ हेल्मेटवर बसली तेव्हा मिरीचं डोकं बाजूला फिरलं. बोर्डावर तीन गुण पडले. आईने धाकटीला इतकं घट्ट धरलं की ती कुरकुरली. चौकोनाच्या कडेच्या खुर्चीवरून सर हातांचा गार्ड वर घ्यायला ओरडत होते. मिरीने मान हलवली, हात जरा वर आले, आणि कुणीतरी चोर म्हणून पकडल्यासारखे पुन्हा खाली गेले. दुसरी लाथही तिथेच. या वेळी मिरी दोन पावलं तिरकी गेली. रेफरीने लढत थांबवली, वाकून तिच्या डोळ्यांत पाहिलं, बोटं दाखवली, काहीतरी विचारलं. मिरीने उत्तर दिलं असावं, कारण त्याने पुढे चालू द्यायची खूण केली.

"ही हात का उचलत नाही?" मामाचा आवाज बदलला होता. "समोर दिसतंय ना लाथ येताना?"

 दिसत होतं मिरीला, सगळं दिसत होतं. हात उचलायचे नाहीत हे ती शिकली होती, आणि शिकवणारी इथे वर खुर्चीवर बसली होती. ठोसा जाऊ नये म्हणून आपण पोरीचा आडोसाच काढून घेतला, हे आईच्या एका क्षणात ध्यानात आलं.

दोनपैकी पहिली फेरी संपली. मिरी सरांसमोर बसली. सर तिला हातांनी दाखवत होते, ती माना डोलवत होती. पण आई आपल्या लेकीच्या माना ओळखून होती. ही मान 'हो' म्हणणारी नव्हती, 'तुमचं बोलणं संपू दे' म्हणणारी होती. संघात जायचं तर हात खाली, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं, आणि डोक्याला मार बसला तरी ते निघणार नव्हतं.

पालकांनी कठड्याजवळ यायचं नाही, असा नियम. तिने धाकटीला मामाच्या मांडीवर दिलं आणि उठून खुर्चीवर उभी राहिली. मागून कुणीतरी बसा हो बाई म्हणालं. आता हात वर करायला सांगितले आणि ते तोंडावर गेले, तर? संघ जाईल, तिघी जातील, पुन्हा जिना आणि एकटीचा डबा. तिला मिरीची जिन्यातली पाठ दिसली. मग मघाशी फिरलेलं डोकं दिसलं.

उठताना मिरीने सवयीने वर पाहिलं. आईने दोन्ही मुठी गालांना लावल्या, कोपरं आत घेतली. मास्तरांच्या वर्गात त्या दोघीही असाच गार्ड धरून उभ्या राहायच्या. मिरी बघत राहिली. आईने मान हलवली. हो, खरंच.

मिरीच्या मुठी हळूहळू वर आल्या.

दुसऱ्या फेरीत उंच मुलीचा पाय आला तो मिरीच्या दंडावर आपटून परत गेला. पुन्हा आला, पुन्हा परत गेला. मधल्या वेळात मिरी आत घुसून छातीवर लाथ बसवत होती. एकदा, मग आणखी एकदा. आकडे बरोबरीला आले. मामा धाकटीला हवेत नाचवत होता. आई मात्र अजून मुठी गालांशी धरून उभी होती.

वेळ संपत आली तेव्हा दोघी एकमेकींच्या अंगावर आल्या. पायाला जागा उरली नाही. उंच मुलीचा चेहरा मिरीच्या समोर उघडा, हातभर अंतरावर. आईला ते आधी कळलं. तिने मनात नाही म्हटलं, आणि मिरीचा उजवा हात निघाला.

तो जोरात गेला नाही. मास्तर म्हणायचे तसा गेला, गालाला टेकला आणि मागे आला. उंच मुलीची मानसुद्धा हलली नाही. पण रेफरीने लढत थांबवली आणि बोट वर केलं. दंडाचा गुण समोर गेला. त्या एका गुणाने लढत गेली.

मिरी बाहेर आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते तिने पडू दिलं नाही. मामाने तिच्यासमोर तीन बोटं धरून किती म्हणून विचारलं. ती म्हणाली, "मामा, तीन. आणि नखं काप." मामा म्हणाला, डोकं शाबूत आहे.

आई सरळ सरांकडे गेली. तिने सगळं सांगितलं. उशी, सोफा, पट्टा, सगळं. शेवटी म्हणाली, "सर, हात बांधले मी आणि सोडलेही मीच. संघातून काढायचं तर काढा. पण हात खाली ठेवून मी तिला पुन्हा उतरवणार नाही."

सर हेल्मेट पुसत होते. 

"तरीच," ते म्हणाले. "मी आठवडाभर घसा फोडतोय, की पोरीचा गार्ड गेला कुठे." मग हेल्मेट पिशवीत टाकलं. "आता बाहेरगावी जायचंय त्या स्पर्धेला ती नाही. सगळ्यांसमोर बोललोय, माघार घेता यायची नाही. त्याच्या पुढच्या स्पर्धेला बघू. तो शेवटचा हात पाहिला मी. तो गालावरून छातीवर आणायचा, एवढंच काम आहे. घरी नका करून घेऊ. तुम्ही क्लासला येऊन दाखवा तो तुमचा गार्ड, तिथून पुढचं मी बघतो."

मिरी मागे उभी राहून ऐकत होती.  आईने तिला जवळ घ्यायला हात पुढे केला, तेवढ्यात दोन वेण्यांवाली धावत आली. माझा नंबर लागलाय, ओरडायला कोणी नाही, मिरे चल, असं एका दमात म्हणाली.

"मी नाही येणार तुमच्याबरोबर तिकडे," मिरी म्हणाली. "मला काढलं."

"माहितीये. मग आत्ता ओरडून घे ना."

मिरीने आईकडे पाहिलं, नाक बाहीला पुसलं आणि गेली. जाताना त्या वेण्यांवालीने गमतीने तिच्यावर लाथ उगारली, तर मिरीच्या मुठी लगेच गालांशी आल्या.

आईने तेवढं बघितलं आणि मिरीच्या बाबांना फोन लावला.

"हरली," ती म्हणाली. तिचा आवाज इतका शांत होता, की त्यांनी पुन्हा विचारलं.