आधी कोणता तक्ता

रक्तपेढीच्या संगणक विभागात थोरली जाऊ अकरा वर्षं होती. धाकटीला येऊन चार महिनेही झाले नव्हते. घरी सासूबाई उठता-बसता धाकटीचे गोडवे गायच्या, ते थोरलीने कसंबसं गिळलं होतं. पण सोमवारी साहेबही म्हणाले, "तुमच्या जाऊबाईंनी कमाल केली हो!" आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

दुर्मीळ गटाचा रक्तदाता शोधणारी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, मूळची थोरलीची. त्या गटाचे दाते कोण, आणि त्यांतल्या कुणी गेल्या तीन महिन्यांत रक्त दिलेलं नाही, एवढंच ती विचारायची. दुसरा प्रश्न पहिल्याच्या पोटात. कोणता तक्ता आधी उघडायचा, दात्यांचा की रक्तदानाच्या नोंदींचा, हे एरवी डेटाबेसचा प्लॅनर ठरवतो, कुठून किती ओळी निघतील याचा अंदाज बांधून. पण पूर्वी एकदा त्याचा अंदाज चुकला, तेव्हा थोरलीने क्वेरीत हुकूमच घातला होता: आधी रक्तदानाच्या सगळ्या नोंदी, मग दाते. तेव्हा नोंदी मूठभर होत्या. आता त्या नऊ लाखांवर गेल्या होत्या आणि शोध सहा मिनिटं रखडत होता. धाकटीने तो हुकूम काढला, प्लॅनर ज्यावरून अंदाज बांधतो ती ओळींची आकडेवारी ताजी केली. त्याने आपणहून आधी त्या गटाचे सदतीस दाते उचलले आणि फक्त त्यांच्याच नोंदी तपासल्या. सेकंदात उत्तर!

"ताई, एकदा बघून मंजूर करता का?" धाकटीने विचारलं.

"बघते. चाचणी नको का व्हायला? आली लहर केला कहर, असं नसतं इथे."

चाचणी तिने त्याच दुपारी केली. एकदा, दोनदा, सात वेळा. खोट काही सापडेना. मंजुरी मात्र तिने दिली नाही.

गुरुवारी सकाळी शस्त्रक्रियागृहातून फोन आला: बाळंतिणीला रक्त हवंय, गट दुर्मीळ, फ्रीजमध्ये एकही पिशवी नाही. काउंटरवरच्या बाईने शोध लावला आणि पडद्यावरचं चक्र फिरत राहिलं. एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. थोरलीने आपल्या संगणकावर धाकटीची नवी क्वेरी चालवली. चार नावं आली. पहिल्याने फोन उचलला नाही. दुसरा शिंपी होता, तो हातातलं काम टाकून धावत आला.

बाळंतीण वाचल्याचं कळल्यावर साहेबांनी विचारलं, "नवी क्वेरी तयार होती, तर काउंटरवर का नव्हती?"

"चाचणी चालली होती, साहेब," धाकटी घाईने म्हणाली.

"चाचणी सोमवारीच झाली," थोरली म्हणाली. "मंजुरी मीच अडवून ठेवली होती."

नंतर जिन्यात धाकटीने गाठलं. "का हो ताई?"

"जळत होते तुझ्यावर. आणखी काय?"

"आणि मला वाटलं, माझीच काहीतरी घोडचूक सापडलीय! तीन दिवस घास उतरला नाही माझा."

जागेवर येऊन थोरलीने मंजुरी दिली. बदल करणाऱ्याच्या रकान्यात धाकटीचं नाव वाचताना आत पुन्हा टोचलंच. तरी तिने धाकटीला हाक मारून शेजारची खुर्ची ओढली.

"बस. ती आकडेवारी किती दिवसांनी ताजी करायची, ते नीट सांग मला."