आत्याच्या नावाचा लिफाफा

मी एक जुना लिफाफा आहे. चष्मेवाल्यांच्या थोरल्या मुलाला जुळं झालं आणि त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं, त्या वर्षीचा माझा जन्म. माझ्या पोटात एक छोटं कार्ड आहे. ती लग्नपत्रिका नव्हे, मित्रांनो. पत्रिका मागाहून येते. हे कार्ड पाच महिने आधी जातं आणि एवढंच सांगतं, की अमुक तारखेला लग्न आहे, तो दिवस आमच्यासाठी राखून ठेवा.

आम्ही साठ भावंडं होतो. जाड, मऊ कागदाची, सायीच्या रंगाची. छापखानेवाला म्हणाला होता, "हे फोडताना माणूस घाई करणार नाही बघा." मी तेव्हा फुलून गेलो होतो. फाटण्यातच लिफाफ्याच्या जन्माचं सार्थक असतं.

मुलगी जेवणाच्या टेबलावर आम्हाला घेऊन बसली. तिचे नियम पक्के होते. ज्यांना पत्रिका नक्की जाणार, त्यांनाच कार्ड. घरातल्या ज्यांना बोलावलंय, त्या सगळ्यांची नावं वर. आणि सगळी कार्डं एकाच दिवशी टपालात, म्हणजे एकाला आधी कळलं, एकाला नंतर, असा रुसवा नको.

माझ्यावर तिने सगळ्यात मोठ्या अक्षरांत लिहिलं. कारण मी तिच्या आत्याचा होतो. आत्या बसने दोन तासांच्या अंतरावर एकटी राहायची. साठी उलटल्यावर ती या भाचीकडून वाचायला शिकली होती आणि भावाने तिला त्यासाठी चष्मा करून दिला होता. तिच्या घरी टपालाने फक्त विजेचं बिल यायचं, तेही वारलेल्या नवऱ्याच्या नावाने. "एकदा माझ्या नावाचं काहीतरी पाठव गं," ती भाचीला म्हणाली होती. "मी स्वतः फोडीन, स्वतः वाचीन."

बाबांनी गठ्ठा चाळला आणि मला बाहेर काढलं.

"ताईला टपालाने? ती काय परकी आहे?"

"बाबा, तिला टपालच हवंय."

"तुला नाही कळायचं. मोठ्या बहिणीला घरी जाऊन सांगायचं असतं. या रविवारी मी जातो. आणि फोनवर कोणी तोंड उघडायचं नाही हं. तिचा चेहरा मला बघायचाय."

"तुमचा रविवार ना? मग झालंच," आई म्हणाली.

बाकीचे एकोणसाठ गेले. त्यातला एक आत्याच्या शेजारच्या शिंपीणबाईंकडे गेला, कारण नवरीचे कपडे त्या शिवणार होत्या. हे कुणाच्याच लक्षात आलं नाही.

मी फोनखालच्या खणात पडलो. पहिल्या रविवारी दुकानात नव्या फ्रेमा आल्या. दुसऱ्या रविवारी बाबांची कंबर धरली. मग जुळ्यांना ताप आला. आत्याचा फोन दर बुधवारी यायचा. ती फोनवर इतकी मोठ्याने बोलायची, की खणातही ऐकू येई.

"काय नवीन?"

"काही नाही, ताई," बाबा ओठ दाबून हसत म्हणत.

"नक्की काही नाही?"

"काय असणार? तुझं काय?"

"माझं काय असायचंय!"

सहाव्या आठवड्यात फोन आला तो शिंपीणबाईंचा. बाबांनी खण उघडला, मला खिशात घातलं आणि बस पकडली.

तिथे शिंपीणबाई दारातच बोलल्या, "आमचं कार्ड त्यांनीच आम्हाला वाचून दाखवलं. अक्षराखाली बोट ठेवून. मग म्हणाल्या, माझं टपालात मागे राहिलं असेल. महिनाभर रोज दुपारी चष्मा लावून दारात उभ्या असायच्या. मी म्हटलं, भावाला विचारा ना सरळ. तर म्हणाल्या, दर बुधवारी विचारतेय की. सांगायचं त्याने."

बाबांनी मला खिशातून काढलं, माझ्यावरचं नाव वाचलं आणि परत खिशात घातलं.

घरी आल्यावर मुलगी मला फोडायला निघाली. बाबा म्हणाले, "ठेव ते. ते तिच्या नावाचं आहे."

लग्न ठरल्या तारखेला झालं. त्यानंतर रविवारी दुकान कधी उघडलं नाही. त्यांच्या रविवारची थट्टा आईने पुन्हा केली नाही. मी अजून त्याच खणात आहे. माझ्या कडा पिवळ्या पडल्या आहेत, पण चिकटवलेली बाजू अजून तशीच घट्ट आहे.

मित्रांनो, ज्याला कळवायचं त्याला वेळेवर कळवा. टपालाने कळवा, फोनवर कळवा, पण मान द्यायचा म्हणून कोणाचं कार्ड मागे ठेवू नका. मान द्यायला नंतर जाता येतं.

आत्या लग्नाच्या साडेतीन महिने आधी, गुरुवारी दुपारी, टपाल येऊन गेल्यावर वारली.