डाकोटा नावाची सवत

माझ्या नवऱ्याला माझ्याशिवाय दुसरी कोणी असेल, तर ती डाकोटा. गोऱ्यांच्या लढाईतलं, दोन पंख्यांचं जुनं विमान. मी ते कधी पाहिलं नाही, पण सवतीची जेवढी माहिती बाईला असते तेवढी मला त्याची होती. आत दोन बाजूंना पत्र्याची बाकं, ती उन्हाने तापतात. मागे दार, पण उडीच्या वेळी त्याला फळी नाही, नुसतं आभाळ. तेलाचा वास आणि कोणाच्या तरी ओकारीचा वास. छताला तार, तिला छत्रीचा हुक अडकवायचा. तांबडा दिवा लागला की तयार राहायचं, हिरवा लागला की उडी. पॅकेट नावाचं दुसरं एक विमान होतं, दोन शेपट्यांचं. पण त्याच्याबद्दल बोलताना ह्यांचा आवाज कधी एवढा मऊ झाला नाही.

हे सगळं त्यांनी मला सांगितलं असं समजू नका. ते सांगायचे यादोराव भाऊजींना, आणि मी भिंतीआडून ऐकायची. दोघं विमानातून उड्या मारणाऱ्या छत्रीवाल्या पलटणीत एकत्र होते. पेन्शनीवर आल्यावर आमचे हे सिहोऱ्यात धान पिकवू लागले, भाऊजी लाखनीत. दिवाळीनंतर आमच्या गावची मंडईची जत्रा भरली की भाऊजी हमखास यायचे. सारं गाव दंडारीचा खेळ बघायला जायचं आणि हे दोघं ओसरीसारख्या पुढच्या सपरीत बसून डाकोटात चढायचे.

मी आत चुलीजवळ जळायची. माझ्याशी या माणसाचं बोलणं म्हणजे "ऐकलं काय" आणि "वाढ". आमच्याकडे नवराबायको एकमेकांचं नाव घेत नाहीत, ते सोडा. पण गावाने मला इश्वरची माय केलं, सासूने मोठी बहू केलं, माहेरी हाक मारणारं कोणी उरलं नाही. माझं नाव रेशन कार्डावर होतं तेवढंच. कोणी त्या नावाने बोलावलं असतं तर मी वळून पाहिलं असतं की नाही, शंकाच आहे.

सत्त्याऐंशीच्या धानाच्या रोवण्यात ह्यांना लकवा मारला. बांधीतल्या चिखलातच कलंडले. हातपाय हळूहळू हलायला लागले, पण वाचा गेली ती गेलीच. तुमसरचे डॉक्टर म्हणाले, "त्यांच्याशी बोलत राहा. सवयीचं काहीतरी बोलवून घ्या, आरती, पाढे, काहीही. आता नाही आली वाचा, तर पुढे कठीण आहे."

मी घरी येऊन रडले. बोलत राहायचं म्हणजे काय बोलायचं? आम्हाला सवय कुठे होती? तरी मी आरत्या म्हटल्या, पाढे म्हटले. ते माझ्या तोंडाकडे बघत राहायचे आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. मला त्याचा राग यायचा. राग कसला, भीतीच ती. हा माणूस असाच मुका जाणार, आणि मी याची कोण होते ते मला कधी कळणारच नाही.

मंडईला भाऊजी आले. त्यांना कोणी कळवलं नव्हतं. खाटेवर वाकडं तोंड करून बसलेला दोस्त दिसला आणि हातातली पिशवी तिथेच पडली.

"काय बे जागेश्वर," ते म्हणाले, "छत्री न घेताच कसा उतरला लेका?"

मग अंगणात जाऊन पाठमोरे उभे राहिले. परत आले ते डोळे पुसून, बाह्या वर करून. मी डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. ते म्हणाले, "वयनी, आरतीनं नाई होत. फौजी आहे तो. त्याले हुकूम लागते."

तेव्हापासून आमच्या सपरीत डाकोटा घरघरायला लागलं. भाऊजी तोंडाने इंजिनाचा आवाज काढायचे, शेजारच्या बाया कुडावरून डोकावायच्या. "खडे हो जाओ! हुक लगाओ!" असा हुकूम झाला आणि काय सांगू, ह्यांचा डावा हात आपोआप वर गेला. वर कपड्यांची दोरी होती, ती मुठीत धरली. तिच्यावर वाळत घातलेलं माझं लुगडं खाली पडलं, पण दोरी सुटली नाही. मी तोंडात पदर कोंबला.

"ग्रीन! गो!" भाऊजी ओरडले. "मोज बे! एक हजार! दो हजार! तीन हजार!"

ओठ हलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही नाही. हात दर वेळी दोरीला जायचा आणि तोंड मिटलेलं राहायचं.

भाऊजींचं धानही कापणीला आलं होतं, किती दिवस राहणार? निघायच्या सकाळी त्यांनी अजून एकदा विमान उडवलं. गळा बसला त्यांचा. मग खाली बसले, डोकं धरून.

"वयनी, आपल्याच्यानं नाई झालं. एवढा हजार हजार करून राहिलो, पण याच्या तोंडातून..."

बोलता बोलता थांबले. माझ्याकडे पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं, आणि स्वतःच्या कपाळावर हात मारून हसायला लागले.

"मी बी कसा येडा! यानं हजार कधी मोजलेच नाई ना!"

"म्हंजे?"

"आग्र्याले शिकत होतो तवाची गोष्ट. दारातून उडी मारली का तीन हजारावरी जोरानं मोजाचं. तेवढ्यात छत्री उघडते. नाई उघडली तर पोटावरची दुसरी ओढाची. सारे मोजत. हा मातर पयल्याच उडीत घाबरला, मोजणं विसरला, अन् भलतंच नाव घेऊन बोंबलला. तीनदा. तवा याचं नवंनवं लगन झालं होतं."

माझ्या हातातलं भांडं मी खाली ठेवलं. "कोणाचं नाव?"

"आता कोणाचं म्हंजे? तुमचंच ना, वयनी!" भाऊजी म्हणाले. "उस्तादानं पाठीवर छत्रीचं ओझं देऊन मैदानभर पळवलं. दुसऱ्या उडीले पुन्हा तेच. शेवटी उस्ताद म्हणे, जाऊ द्या, तीनपर्यंत पोचते ना हा. साऱ्या पलटणीले तुमचं नाव पाठ होतं. एकाहत्तरात बंगालात उतरलो, खाली दुश्मन होता. मी याच्या मागंच होतो. दारात वळताना याचे ओठ हालले, तेच नाव. मले शपथ घातली होती यानं, घरी सांगशील तर याद राख म्हणून."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. वाकड्या तोंडाचा माझा नवरा कानापर्यंत लाल झाला होता, आणि भिंतीकडे बघत होता. एवढी वर्षं मी त्या विमानावर जळत होते, आणि हा माणूस त्याच्या दारातून दर वेळी माझं नाव घेऊन उडी मारत होता. मला इतकं रडू आलं, आणि इतका राग आला, की काय करावं ते कळेना. मेल्या, एकदा तरी घरात हाक मारायची होतीस!

"वयनी, तुमी आत जा," भाऊजी हळूच म्हणाले. "तुमच्यासमोर तो नाई बोलाचा."

मी चुलीपाशी जाऊन बसले. बाहेर इंजिन घरघरायला लागलं, बसलेल्या गळ्याचं. खडे हो जाओ. हुक लगाओ. दोरी करकरली.

"ग्रीन! गो!"

काही नाही. चुलीवरचं दूध वर आलं, उतू गेलं. मी उठले नाही.

"गो, जागेश्वर! जा बे, दार सोड!"

"रु..."

घशात काहीतरी अडकल्यासारखा आवाज. मग पुन्हा, थोडा पुढे सरकलेला.

"रुख..."

मी दोन्ही हातांनी जमीन धरली होती.

"रुखमा!"

"उघडली!" भाऊजी बाहेर लहान पोरासारखे ओरडत होते. "उघडली रे छत्री, उघडली!"

अठरा वर्षं झाली होती लग्नाला. माझ्या नवऱ्याने मला हाक मारली होती, आणि हाक मारली की काय करायचं असतं ते मला एवढ्या वर्षांनी आठवावं लागलं.

"ओ," मी आतून म्हटलं.