असरच्या आधी

जैसलमेरच्या किल्ल्यात सकाळी अकराच्या सुमारास उज्वला बोरस्तेचा मोबाईल वाजला, तेव्हा ती मुलं मोजत होती. चौतीसपैकी एकतीस सापडली होती. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून गाय आली तरी सगळ्यांनी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, आणि दर वळणावर कुणी ना कुणी दुकानात शिरलेलं. नाशिकच्या कॉलेजात भूगोल शिकवायला लागल्यापासून ती दरवर्षी सहल काढायची. मुलं हरवतात आणि सापडतात, हे तिला सवयीचं होतं. अनोळखी नंबर पाहून हॉटेलवाला असेल असं वाटून तिनं फोन कानाला लावला.

"मॅडम, मी वसीमची अम्मी. चांदवडहून बोलते."

गुलजारबीचा आवाज अगदी सरळ होता, दुसऱ्या कुणाचा निरोप सांगावा तसा. वसीमचे वडील, बद्रुद्दीनभाई, पहाटेची नमाज पढून घरी आले आणि ओट्यावर बसले. छातीत कळ आली म्हणाले. शेजाऱ्यांनी गाडीत घातलं, पण दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

उज्वला तिथंच एका हवेलीच्या पायरीवर बसली. पाचच दिवसांपूर्वी हा माणूस नाशिकरोड स्टेशनवर मुलाला पोचवायला आला होता. शेतावरच्या मोटारी रिवाइंड करायचं त्याचं चांदवडला दुकान होतं, बोटांना तांब्याच्या तारेचे बारीक काप होते. पोरगं पहिल्यांदाच एवढ्या लांब चाललंय, तुमच्या भरवशावर सोडतोय, एवढंच तो बोलला होता आणि गाडी हलेपर्यंत खिडकीशी उभा राहिला होता.

"त्याला आत्ता नका सांगू, मॅडम," गुलजारबी म्हणाली. "आज दिस मावळायच्या आधी, असरच्या नमाजेनंतर मिट्टी हाय. तो उडून आला तरी पोचत नाय. कळलं की एकटाच निघंल, कुठं उतरंल, काय करून घेईल. लय जीव हाय त्याचा बापावर. तुमच्याबरोबरच येऊ द्या. घरी आल्यावर मी सांगते."

उज्वलानं बरं म्हटलं. फोन ठेवल्यावर आपण काय कबूल केलं ते तिला हळूहळू समजलं.

तिच्या होकाराला एक कारण होतं. ती पुण्याला शिकत असताना तिचे वडील असेच गेले होते. ते इगतपुरीला रेल्वेत होते. हॉस्टेलच्या फोनवर कुणीतरी घाईघाईनं बातमी दिली आणि एकोणीस वर्षांची उज्वला एकटी निघाली. त्या सबंध प्रवासात शेजारची बाई तिला शेंगा देत होती, आणि ती त्या घेत होती, कारण नको म्हटलं तर का ते सांगावं लागलं असतं. तो प्रवास कुणाच्या वाट्याला येऊ नये असं तिला मनापासून वाटायचं.

सहलीवर दुसरे शिक्षक होते शेखर पगार. तिनं त्यांना बाजूला घेऊन सांगितलं. ते म्हणाले, की आईचं बरोबर असेलही, पण मुलगा वीस वर्षांचा आहे, त्याला सांगून टाकावं. उज्वला म्हणाली, आईला शब्द दिलाय. यावर पगार सरांनी वाद घातला नाही. ठरवायचं तिच्यावर सोपवून ते राहिलेल्या तीन मुलांना शोधायला गेले.

त्या तिघांत वसीम होता. सृष्टी नावाच्या मुलीची चप्पल तुटली होती आणि तो मोची शोधत फिरत होता. उंच, थोडा वाकून चालणारा मुलगा. प्रथमोपचाराची पेटी पहिल्या दिवसापासून न सांगता त्यानंच उचलली होती. उशीर झाल्याबद्दल त्यानं माफी मागितली तेव्हा उज्वलाला त्याच्याकडे बघवेना.

आता प्रश्न मोबाईलचा होता. चांदवडच्या कुठल्याही मित्राच्या मेसेजवरून त्याला कळलं असतं. जेवणं झाल्यावर जीपमध्ये बसण्याआधी उज्वलानं जाहीर केलं, की वाळवंटात बारीक वाळू मोबाईलमध्ये जाते, तेव्हा सगळ्यांचे फोन बंद करून तिच्याकडे द्यायचे. मुलं कुरकुरली. वाळवंटात जाऊन फोटो काढायचे नाहीत तर जायचं कशाला, असं सगळ्यांचं म्हणणं. वसीमच पुढं झाला. मॅडम सांगतात तर काहीतरी कारण असेल, असं म्हणून त्यानं आपला फोन आधी बंद केला आणि कापडी पिशवीत टाकला. मग बाकीच्यांनी टाकले. गेली कित्येक वर्षं ती मुलांना खरं बोला म्हणून सांगत आली होती, आणि आज चौतीस जणांच्या तोंडावर खोटं बोलली होती.

वाळूच्या टेकड्या शहरापासून तासाभरावर होत्या. तिथं उंटांची, गाण्यांची, चहाची गर्दी. ती ओलांडून पगार सरांनी मुलांना लांबच्या एका टेकडीवर नेलं, कारण उतार मोजायचा होता. वाऱ्याकडची बाजू सावकाश चढते आणि पलीकडची एकदम कोसळते, हे वर्गात फळ्यावर काढलेलं आता पायाखाली होतं. वसीम उतारमापक घेऊन माथ्यावर उभा राहिला. तो अंश सांगायचा, खाली सृष्टी वहीत उतरवून घ्यायची.

उज्वलानं घड्याळ पाहिलं. पाच वाजले होते. चांदवडला आता जनाजा निघाला असेल.

"बत्तीस," वसीम वरून ओरडला. "आता तेहतीस. नीट लिही." त्याचा पाय घसरला, तो बसकण मारून थोडा खाली आला आणि हसला. मुलंही हसली. उज्वला तोंड फिरवून पलीकडं बघत राहिली.

सूर्य बुडाला तसा वसीम घोळक्यातून बाजूला झाला. बाटलीतल्या पाण्यानं हातपाय, तोंड धुऊन त्यानं वजू केला, पंचा वाळूवर अंथरला आणि दिशेचा अंदाज घेऊन उभा राहिला. हे तो रोज करायचा. पण आज नमाज झाल्यावर त्यानं दोन्ही हात वर धरले, ओठ हलायला लागले, आणि उज्वलाला कळेना की हा बापासाठी काय मागत असेल. तब्येत? बरकत? त्या क्षणी तिच्यानं आणखी थांबवेना. त्यानं पंचा झटकून घडी घातली तेव्हा ती समोर उभी होती.

तिनं त्याला बसायला सांगितलं आणि सगळं एका दमात सांगितलं. तो रडला नाही. बराच वेळ त्यानं घडी घातलेला पंचा परत उलगडला, परत घातला.

"किती वाजता मिट्टी दिली?"

"असरनंतर."

"तुम्हाला कधी कळलं?"

"सकाळी. अकरा वाजता."

तो मनाशी तास जुळवतोय हे तिला दिसत होतं.

"म्हणून फोन घेतले तुम्ही," तो म्हणाला.

"हो."

"व्हिडिओ कॉलवर मी त्यांचं तोंड तरी बघितलं असतं, मॅडम."

उज्वलाला हे सुचलंच नव्हतं. पोचता येत नाही म्हणजे बघताही येत नाही, असं तिनं धरलं होतं. तिच्या वेळी तसंच होतं. ही मुलं रोज आईबापांची तोंडं फोनवर बघत होती, परवा याच मुलानं बापाला जोधपूरचा किल्ला दाखवला होता, आणि तिच्या ते ध्यानीही आलं नाही. त्याचे हक्काचे पाच-सहा तास तिनं पिशवीत बांधून ठेवले होते. आईनं सांगितलं होतं, एवढं वाक्य तिच्या जिभेवर आलं. पण हा मुलगा आता त्या आईकडंच जाणार होता. ते वाक्य तिनं गिळलं.

बाकीची मुलं पगार सरांवर सोपवून ती वसीमबरोबर निघाली. जीपनं जोधपूर, तिथून रेल्वेनं मुंबई, मग आग्रा रोडची बस. दीड दिवसाच्या वाटेत तो तिच्याशी मोजून चार वाक्यं बोलला असेल. ती चहा आणून द्यायची, तो घ्यायचा. घाटात बस चढत असताना तिनं त्याला विचारलं, थोडं खाशील का. तो म्हणाला, माझी काळजी करू नका, तुम्ही खा. त्यात राग नव्हता, ओळखही नव्हती. इगतपुरी मागं पडली तेव्हा ती खिडकीबाहेर बघत होती.

चांदवडला पोचले तो तिसरा दिवस होता. दारात चपलांची रास, आत बाया कुराण पढत बसलेल्या. वसीम आईच्या मांडीत पडला आणि तिथं मात्र त्याला आवरेना. बऱ्याच वेळानं मान वर करून तो म्हणाला, "अम्मी, मॅडमना सकाळीच कळलं होतं. त्यांनी मला सांगितलं नाही."

गुलजारबीनं उज्वलाकडं पाहिलं. तिच्या ओठांशी काहीतरी आलं, पण मुलाच्या पाठीवरचा तिचा हात थांबला आणि ती बोलली नाही. उज्वलानंच नजर खाली घेतली. या बाईचं जे जायचं ते गेलं होतं. आता तिनं मुलगाही दुखवावा असं कसं म्हणणार? तिनं चार घोट चहा घेतला आणि बस धरून नाशिकला आली.

वसीम परत वर्गात यायला लागला तो महिन्यानं. मागच्या बाकावर बसायचा. विचारलं तर उत्तर द्यायचा. सकाळी कॉलेज आणि दुपारनंतर वडिलांचं दुकान, असं त्याचं चालू होतं आणि त्याच्याही बोटांवर आता तारेचे काप दिसायला लागले होते. परीक्षा त्यानं दिली, बऱ्या गुणांनी पास झाला. सृष्टी आणि बाकीची मुलं मॅडमशी पूर्वीसारखी बोलायची, पण सहलीचा विषय कुणी काढत नसे.

जूनमध्ये शेवटच्या वर्षाचे प्रवेश चालू असताना तो विभागात आला. उज्वला एकटीच होती. तो उभाच राहिला.

"अम्मीची इद्दत संपली, वडिलांमागं घरात बसून पाळायचे ते चार महिने दहा दिवस," तो म्हणाला. "काल तिनं मला सांगितलं. नका सांगू असं तीच म्हणाली होती."

उज्वलानं हातातलं पेन टेबलावर ठेवलं.

"तुम्ही का नाही सांगितलं मला? दीड दिवस बरोबर होतो आपण."

"तुला घरी जायचं होतं," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली. खिडकीबाहेर प्रवेशाच्या रांगेतल्या मुलांचा गलका चालला होता. तो संपायची वाट बघावी तसा तो थांबला.

"तरी तुम्ही मला सकाळीच सांगायला पाहिजे होतं, मॅडम."

"हो," उज्वला म्हणाली. "पाहिजे होतं."

मग त्यानं खुर्ची ओढली, समोर बसला आणि अर्ज पुढं करून विचारलं, दुपारच्या प्रात्यक्षिकांऐवजी सकाळची तुकडी मिळेल का, दुकान उघडायचं असतं.